ससणी, डबा आणि एक फुली

सुरतेचे नाव काढले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० हे दोन सन आठवतात. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी ते सन तीस वर्षांहून अधिक काळ सुरतेतच शिकवत आलो आहे. परंतु ज्या मुलांना मी ते शिकवतो, त्यांचे आजे-पणजे सुरतेत घोड्यावर बसून आले नव्हते. ते तापीकाठच्या रेल्वेने आले, काखेत वळकटी आणि खिशात गावाकडच्या कोणाचा तरी पत्ता घेऊन. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार ही त्यांची गावे. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली हे त्यांचे मुक्काम. लूम, डाइंगची गिरणी आणि बांधकाम ही त्यांची कामे. माझे वडीलही त्यांतलेच एक.

या माणसांचा इतिहास बखरीत सापडत नाही. तो कागदांत सापडतो : शाळेचा दाखला, रेशनकार्ड, जनगणनेचा तक्ता आणि आरोग्य पाहणीचा फॉर्म. यांपैकी शेवटच्या कागदाविषयी मला येथे लिहायचे आहे. विषय रुक्ष वाटेल. पण वाचकांनी थोडा धीर धरावा. या कागदावर मी स्वतः एकदा चूक केली आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

१९९४ चे साल सुरतेतला मराठी माणूस विसरणार नाही. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगची बातमी आली होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला तापीला पूर आला आणि सुरतेच्या सखल वस्त्यांत चिखल व मेलेली जनावरे मागे राहिली. गणपती विसर्जनाच्या सुमारास वेड रोडकडच्या वस्त्यांतून ताप, खोकला आणि थुंकीतून रक्त अशी माणसे दवाखान्यात येऊ लागली. त्यांत बाहेरून आलेल्या कामगारांचा भरणा मोठा होता. 'प्लेग' हा शब्द बाहेर पडला मात्र, चार-पाच दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. मृतांचा आकडा पन्नासच्या घरात राहिला, पण भीतीला आकडा नसतो.

आम्हीही गावी गेलो. गावाने आम्हाला थेट घरात घेतले नाही. आठ दिवस मळ्यातल्या खोपटात राहिलो. रोज सकाळी एक गावकरी बांधावरून ओरडून विचारी, "ताप शे का कोनले?" सुरतेत निघण्याच्या आदल्या दिवशी हाच प्रश्न आम्हाला दारात विचारला गेला होता, पण गुजरातीत : "कोईने ताव छे?" शेजारच्या खोलीत सहा महिन्यांपूर्वीच खान्देशातून आलेली एक बाई होती. गुजराती 'ताव' म्हणजे अंगातला ताप, हे तिला कुठले ठाऊक! ती म्हणाली, "ताव कोनले येत नही, भाऊ?" त्या भयाच्या दिवसांतही चाळीत हशा पिकला. हसण्यासारखे त्यात फार थोडे होते, हे पुढे कळले.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले आणि दीड-दोन वर्षांत सुरतेचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. तो इतिहास अनेकांनी लिहिला आहे. त्याच सुमारास आमच्या वस्त्यांत आरोग्याच्या पाहण्या, शिबिरे आणि फॉर्म यांची वर्दळ वाढली. फॉर्म गुजरातीत छापलेले असत, आणि ते योग्यच होते. राज्याची भाषा गुजराती आहे. अडचण राज्याच्या भाषेची नव्हती, घराच्या भाषेची होती. मी तेव्हा एका वहीत असे शब्द टिपून ठेवू लागलो. ती वही अजून माझ्याजवळ आहे. तिच्यातली काही उदाहरणे देतो.

गुजरातीत 'झाडा' म्हणजे जुलाब. मराठी माणसाला झाडा म्हटले की झडती किंवा हिशेब आठवतो. 'ओरी' म्हणजे आपला गोवर, 'अछबडा' म्हणजे कांजिण्या, 'कमळो' म्हणजे कावीळ. हाताला मुंग्या आल्या की गुजराती माणूस 'खाली चडी' म्हणतो. नव्याने आलेल्या मराठी माणसाला "पगे खाली चडे छे?" असे विचारले तर जिन्याने चढायचे की खाली उतरायचे, असा त्याला प्रश्न पडतो! 'रसी' या शब्दाची तऱ्हा आणखी निराळी. रसी म्हणजे लस, आणि रसी म्हणजे पू सुद्धा. पोलिओच्या शिबिरात बायांनी रसी हा शब्द लस म्हणून शिकलेला, मग शाळेच्या तपासणीत "कानमांथी रसी आवे छे?" असे विचारले की त्या चकित होऊन म्हणत, "कानात कशाला टोचायची रसी?" आणि फॉर्मवर 'ना' लिहिले जाई. फुटलेला कान तसाच वाहत राही, आणि पुढे ते मूल वर्गात लक्ष देत नाही म्हणून आमच्याच हातचा मार खाई.

आता माझी चूक सांगतो.

१९९६ चा जानेवारी महिना होता. एका सेवाभावी संस्थेने लिंबायत भागात पाच वर्षांखालच्या मुलांची घरोघर पाहणी काढली. मी सव्वीस वर्षांचा, मराठी शाळेतला शिक्षक, गुजराती लिहिता-वाचता येणारा. तेव्हा माझी निवड आपसूकच झाली. मला त्याचा अभिमानही वाटला. फॉर्ममध्ये प्रत्येक मुलामागे वीस-बावीस प्रश्न होते. त्यांतला एक 'ससणी' विषयी होता. ससणी म्हणजे लहान मुलाची छाती भरून श्वास घरघरणे.

एका खोलीत आठ-नऊ महिन्यांचे मूल आईच्या मांडीवर निपचित पडले होते. मी फॉर्मवरचा शब्द जसाच्या तसा विचारला, "ससणी आहे का?" ती म्हणाली, "ससणी? नही." मी 'ना'च्या चौकोनात फुली मारली. मग ती आपणहून म्हणाली, "गुरुजी, पोऱ्याले डबा व्हयेल शे."

माझा जन्म सुरतेतला. घरात अहिराणी कानावर पडलेली, पण वडिलांनी आम्हाला हट्टाने 'शुद्ध' मराठी बोलायला लावलेली. पोट डब्ब होणे एवढे मला माहीत होते. म्हणून मी पोटाच्या रकान्यात गुजरातीत लिहिले, 'पेट फूले छे', आणि ओवा-हिंगाचा सल्ला देऊन उठलो. उंबऱ्याशी अमळनेरकडची एक म्हातारी उभी होती. ती माझ्यावर जवळजवळ ओरडलीच, "मास्तर, पोटले काय व्हयेल नही त्याना! पोट उडी राह्यनं, दखा ना!" तिने मुलाचे झबले वर केले. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता.

डबा म्हणजे बालकाचा न्यूमोनिया. खान्देशातच नव्हे, विदर्भात आणि हिंदी मुलखातही आयाबाया त्याला डबा किंवा डब्बाच म्हणतात. म्हणजे फॉर्मने जे विचारले होते, तेच ती बाई सांगत होती. दोघांच्या मधे मी बसलो होतो, आणि मला दोन्ही शब्द नीट येत नव्हते.

आम्ही मुलाला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. आठवडाभराने ते घरी आले. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म दुरुस्त करायला गेलो, तर गठ्ठे बेरजेसाठी पुढे गेले होते. माझी फुली तशीच राहिली. त्या पाहणीत लिंबायतमधल्या एका मुलाला ससणी नव्हती, फक्त पोट फुगले होते, अशी नोंद आहे. ती नोंद माझ्या अक्षरातली आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरे तर यात नवल वाटू नये. रकाना हा निर्जीव चौकोन नाही, हे आपल्या सीमाभागाला कोणी सांगायला नको. डांगचे लोक मराठी बोलतात की गुजराती, यावर १९४९ पासून केवढा वाद माजला! १९५१ च्या जनगणनेतल्या मातृभाषेच्या रकान्यावरून दोन्ही बाजूंनी लेखण्या झिजल्या, आणि १ मे १९६० ला डांग गुजरातेत गेले. डांगी माणसाला आपली बोली आपली वाटत होती. रकान्यात मात्र तिला कोणाच्या तरी पदरात घालावे लागले. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात खान्देशी बोली मराठीच्या खंडात ठेवली नाही, भिल्ली भाषांबरोबर १९०७ च्या निराळ्या खंडात ठेवली. आजही जनगणनेत 'खान्देशी' ही वेगळी भाषा म्हणून मोजली जाते, आणि २०११ मध्ये ती सांगणारे अठरा लाखांवर होते. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद विद्वानांनी घालावा. माझा मुद्दा साधा आहे. फॉर्मचे मराठी भाषांतर करून दिले तरी लिंबायतमधल्या त्या आईला 'न्यूमोनिया' किंवा 'श्वसनाचा त्रास' कळला नसता. तिला 'डबा' कळला असता.

बाहेरची प्रश्नावली आपल्या मुलांना लावण्याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे, आणि तोही सीमाभागातच, ही अभिमानाची गोष्ट आहे. पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली मुलांची बुद्धी मोजण्याची कसोटी तयार केली. अमेरिकेत टर्मनने १९१६ मध्ये तिची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात ती कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांतल्या मुलांसाठी बसवली आणि १९४० मध्ये त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. 'बिने-कामत' या नावाने ती कसोटी पुढे अनेक दशके वापरली गेली. वाचकांना वाटेल, भाषांतरच तर करायचे होते. पण अमेरिकन कसोटीत मुलाला तिथली नाणी ओळखायला सांगितलेली असत. आपल्या मुलाने ती कुठे पाहिली असणार? शब्दांचे अर्थ विचारताना ते सोप्याकडून अवघडाकडे लावलेले असतात. इंग्रजीतला अवघड शब्द मराठीत सोपा असू शकतो, आणि उलटही. भाषांतर झाले की ती चढण मोडते. म्हणून प्रश्न पुन्हा इथल्या मुलांना विचारून, कोणत्या वयाच्या किती मुलांना उत्तर येते हे मोजून, चढण नव्याने बांधावी लागते. ज्याने हे कष्ट घेतले नाहीत, त्याच्या मोजमापाने चांगले मूलही मंद ठरते.

दुसरे उदाहरण बडोद्याचे, म्हणजे सुरतेहून आणखी जवळचे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांच्या अमेरिकन मोजपट्टीच्या आधाराने भारतीय बाळांच्या वाढीची मोजपट्टी तयार केली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंत बाळ काय काय करू लागते याच्या तीत २३० पायऱ्या आहेत : ६७ हालचालींच्या आणि १६३ समज-बोलण्याच्या. १९७० मध्ये तिची प्रमाणे प्रसिद्ध झाली, १९९६ मध्ये ती सुधारली गेली. परदेशी पट्टीत बाळ जिना कधी चढते हे पाहिलेले असते. ज्या घराला जिनाच नाही त्या घरातले बाळ मागासलेले म्हणायचे का? असा प्रश्न कोणीतरी आधी पडू द्यावा लागतो. बडोद्यात तो पडला.

ही अडचण केवळ आपलीच आहे असेही नाही. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात करार झाला आणि तुर्की कामगार जर्मन कारखान्यांत गेले. त्यांना 'पाहुणे कामगार' म्हणत. पाहुणे परत जातील अशी यजमानांची समजूत होती. १९७३ मध्ये भरती थांबली, पण तोवर बायकामुले येऊ लागली होती. सुरतेतल्या खान्देशी चाळीचाच हा किस्सा, फक्त थंडी जास्त!

तिथल्या डॉक्टरांपुढे तुर्की बाई येऊन सांगे की आपली बेंबी पडली आहे. जर्मन वैद्यकात बेंबी पडत नाही. आपल्याकडे मात्र कोणाही आजीला हे लगेच समजेल : मराठीत बेंबी सरकते, गुजरातीत 'पेचोटी खसे'. दुसरी बाई म्हणे, माझे 'जिअर' जळते आहे. जिअर म्हणजे यकृत. आपल्या 'जिगर'चाच तो तुर्की भाऊ, दोन्ही फारसीतून आलेले. पण तुर्की बाई यकृताविषयी बोलत नसते, दुःखाविषयी बोलत असते. जसे आपण काळीज तुटले म्हणतो तेव्हा कोणी शस्त्रक्रिया करायला धावत नाही.

जर्मनीत मुलांच्या आरोग्याची 'किंडल' नावाची प्रश्नावली आहे. तिची १९९८ ची सुधारित आवृत्ती २४ प्रश्नांची : शरीर, मन, स्वतःविषयीचा विश्वास, घर, मित्र आणि शाळा असे सहा भाग, प्रत्येकी चार प्रश्न. लहान मुलांसाठी वेगळी, मोठ्यांसाठी वेगळी, आईवडिलांसाठी वेगळी. तिची तुर्कीसह अनेक भाषांत रूपे झाली आहेत. यातला एक पेच मला फार ओळखीचा वाटला. जर्मनीत वाढलेल्या तुर्की मुलाला जर्मन वाचणे सोपे, आणि त्याच्या आईला तुर्की. एकाच घरात मुलाचा फॉर्म एका भाषेत आणि आईचा दुसऱ्या भाषेत द्यावा लागतो. मग दोन्ही फॉर्म एकच गोष्ट विचारतात, याची खात्री कोण देणार?

त्यासाठी एक युक्ती आहे, आणि ती शिक्षकाला आवडेल अशी आहे. रिचर्ड ब्रिस्लिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये ती नीट मांडली. एकाने भाषांतर करायचे. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा मूळ भाषेत आणायचे. मग मूळ आणि परत आलेले शेजारी ठेवून पाहायचे, की वाटेत काय सांडले. त्यानंतर प्रत्यक्ष आयांना आणि मुलांना विचारायचे, तुम्हाला यातून काय समजले?

काही वर्षांपूर्वी मी हा प्रयोग नववीच्या वर्गात केला. आमच्या वर्गात हे सोपे जाते : घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती, कारखान्यात हिंदी. प्रश्न मीच बनवला होता : 'गेल्या आठवड्यात तुला एकटे वाटले का?' एका गटाने त्याची अहिराणी केली, दुसऱ्या गटाने ती परत मराठीत आणली. परत आलेला प्रश्न होता, 'गेल्या आठवड्यात तू एकटा होतास का?' मुले म्हणाली, सर, एका खोलीत सात जण राहतो, एकटे कुठून असणार! सगळ्यांचे उत्तर 'नाही'. मन विचारायला गेलो आणि डोकी मोजून आलो. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नसे, म्हणाली, "सर, 'करमत नाही का' असं विचारा ना." वर्ग एकदम गप्प झाला. त्या दिवशी 'हो' म्हणणारे हात मी मोजले नाहीत. पण ते थोडे नव्हते. ती मुलगी पाच महिन्यांपूर्वी आजीला गावी ठेवून आली होती, हे मला त्या दिवशी कळले. आईवडिलांपासून तुटलेल्या मुलांची आम्ही चौकशी करतो. आजीपासून तुटलेल्यांची कोणी केली नव्हती.

काळ पुढे गेला आहे, हेही नोंदवले पाहिजे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळांतून आणि अंगणवाड्यांतून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. मोठ्या पाहण्यांच्या प्रश्नावलीत आता उत्तर देणाऱ्याची मातृभाषा कोणती, मुलाखत कोणत्या भाषेत झाली, दुभाषा घेतला होता का, असे रकाने असतात. सुरत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांच्या आहेत. इतक्या भाषांची जाण असलेले शहर हे काम उत्तम करू शकते. पण कागदावर कितीही रकाने वाढले तरी शेवटी दारात उभा राहणारा माणूस एकच असतो. त्याला दोन्हीकडचे शब्द यायला हवेत. येत नसतील तर विचारायची लाज वाटता कामा नये. मला १९९६ मध्ये ती वाटली. 'डबा म्हणजे काय, ताई?' एवढे चार शब्द मी उच्चारले असते तर पुरे होते. एम. ए. झालेल्या माणसाने ते उच्चारले नाहीत.

नवापूरचे रेल्वे स्थानक आपल्या वाचकांनी पाहिलेच असेल. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. बाकावर बसलेल्या दोन माणसांच्या मधून राज्याची सीमा जाते. लोक तिथे फोटो काढतात. आमच्या घरांतून ही सीमा रोज जाते, कधी आई आणि मुलाच्या मधून, कधी बाळंतीण आणि नर्सबाईच्या मधून. तिथे फोटो निघत नाही.

लिंबायतचे ते मूल आज तिशीचे आहे. एका कापड दुकानात कामाला आहे. गेल्या जूनमध्ये तो आपल्या मुलीचा आरोग्याचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. फॉर्म गुजरातीत. त्याला गुजराती वाचता येते, पण उत्तरे बायकोला ठाऊक, आणि ती शिरपूरकडची. म्हणून दोघांना बसवले. वीस-बावीस प्रश्न होते. श्वासाच्या प्रश्नापाशी आलो तेव्हा मी तिला तीनदा विचारले : ससणी होते का? धाप लागते का? लहानपणी कधी डबा झाला होता का, पोट उडत होते का?

ती हसून म्हणाली, "नही, गुरुजी. तिले काही नही." तिच्या नवऱ्याला यातले काही माहीत नव्हते, त्याच्या आईने त्याला ती गोष्ट कधी सांगितली नव्हती. मीही सांगितली नाही. चौकोनात फुली मारली, आणि त्या फुलीखाली सही केली.